शेर गेला, पण माप कोणाच्या हातात राहिलं?

माझ्या पुतण्याला शाळेत म्हणींची चित्रं काढायला सांगितली होती. 'शेरास सव्वाशेर'साठी त्यानं एक वाघ काढला आणि त्याच्या मागं त्याच्याहून मोठा दुसरा वाघ. बोरचं जंगल आमच्यापासून काही फार लांब नाही, त्यामुळं वाघ त्याला जमतो, पट्टे वगैरे एकदम बरोबर. बाईंनी पण खाली 'छान' असा शेरा मारला. मी म्हणलं अरे बाबू, हा शेर म्हणजे वाघ नाही, हे माप आहे, दुधातेलाचं, धान्याचं, एकाकडं शेर असला तर दुसरा सव्वा शेर घेऊन उभा राहतो असा त्याचा अर्थ. तर तो म्हणे, "मंग काका, कितीक लिटरचा होता शेर?" आणि इथं माझी गाडी अडकली, कारण याचं खरं उत्तर 'कोणाचा शेर त्यावर हाय' असं आहे, आणि ते चौथीतल्या पोराला सांगायचं कसं.

त्यात नेमकी त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर ती पोस्ट परत फिरत आली. दोन निठवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, आणि खाली हात जोडलेला इमोजी टाकून 'तेव्हा मापंही खरी होती अन् माणसंही'. लोकांनी धडाधड अंगठे दिले. आता एक तर निठवं कोळवं हे आमच्या आर्वीकडचे (वर्धा जिल्ह्यातले) शब्दच नाहीत, माझ्या आजीच्या तोंडून मी ते कधी ऐकले नाहीत, आमच्याकडं छटाक, अदपाव, पाव, अद्धा, शेर, पायली आणि धानाच्या पट्ट्यात गेलं की कुडव, वीस कुडवांची खंडी. पण ते सोडा. मला खटकतं ते दुसरं वाक्य. मापं खरी होती म्हणे. कोणाची?

मी आजीच्या पेटीतून तीन मापं काढली. पितळेची, एक पाव, एक तेलाचं अदपाव, त्याला उभा लांब दांडा (डब्यात बुडवून काढायचं असायचं ना), आणि तिसरं पुन्हा पावच, ते आत्याच्या सासरहून आमच्याकडं कसं आलं कोणाला आठवत नाही. आत्याच्या सासरचं दुकान होतं किराण्याचं, बाजाराच्या गावात. मी बायकोचा केक करायचा छोटा काटा घेतला, माप ठेवून शून्य केलं आणि पाणी ओतलं. कायदेशीर शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणून पावशेरात पाणी भरायला पाहिजे २३३ ग्रॅम. आजीच्या पावात २२८ भरलं. इतक्या वर्षांचं घासून झिजलेलं भांडं, काठाला पोचे आलेले, ठीक आहे, चालतं. आत्याच्या सासरच्या पावात भरलं १९६. मी परत पुसून ओतलं, परत १९६. मग उजेडात धरून आत बघितलं तर बूड आतल्या बाजूनं फुगलेलं, पुरीसारखं. बाहेरून बघाल तर दोन्ही मापं जुळी बहिणी.

आत्याला फोन लावला. ती काही लाजली वगैरे नाही. म्हणे, "हे द्याच्या वेळचं असन. घ्याच्या वेळचं येगळं होतं, त्यात काय येवढं?"

त्यात काय येवढं, हे मात्र तिचं खरं आहे, कारण ही गोष्ट दुकानदारानं शोधून काढलेली नाहीच. कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा, मापांचा अख्खा अध्याय आहे. चार कुडुब म्हणजे प्रस्थ, चार प्रस्थ म्हणजे आढक, चार आढक म्हणजे द्रोण, सगळा चौपटीचा पाढा. (तो कुडुब म्हणजे आपला कुडवच, फक्त तेव्हा तो लहानसं माप होता आणि आमच्या धानवाल्यांकडं येईपर्यंत त्याचं पोट सुटलं.) आणि तिथंच सरळ लिहिलंय की द्रोण चार प्रकारचा. सरकारी कोठारात माल घ्यायचा तो २०० पळांचा (पळ हे तेव्हाचं वजन), बाजारात चालणारा साडेसत्याऐंशी अधिक शंभर म्हणजे १८७॥ पळांचा, नोकरचाकरांना द्यायचा १७५ चा, आणि राण्यांच्या महालात द्यायचा १६२॥ चा. नाव सगळ्यांचं द्रोणच. म्हणजे आत येताना मोठं भांडं आणि बाहेर जाताना लहान, आणि हे लपूनछपून नाही तर राज्यशास्त्र म्हणून लिहून ठेवलेलं. आत्याच्या सासऱ्यांनी ते पुस्तक वाचलं नव्हतं एवढंच.

एक न्याय मात्र द्यायला पाहिजे. त्याच अध्यायात असंही आहे की मापं दर चार महिन्यांनी तपासून शिक्का मारून घ्यायची, नाही घेतली तर दंड. आणि पातळ वस्तूंसाठी खास एक गोष्ट आहे, मानस्राव. तूप तेल मापाला चिकटून राहतं, पूर्ण पडत नाही, म्हणून विकणाऱ्यानं पन्नासावा हिस्सा वर द्यायचा. ज्यानं कोणी हे लिहिलं त्यानं तेल्याच्या दुकानात उभं राहून बघितलेलं आहे हे नक्की. आमच्या गावात घाणीवाला म्हातारा होता, जवसाचं तेल द्यायचा, तो अदपाव उलटं करून धरायचा, धार संपायची, मग थेंब, मग थेंबातलं अंतर वाढायचं, तरी तो हात हलवायचा नाही, आम्ही पोरं कंटाळून जायचो. दुसरा एक होता तो मनगटाच्या एका झटक्यात माप परत डब्यात. तेल दोघांचं सारखंच, माप पण सारखंच असेल, गिऱ्हाईक मात्र पहिल्याकडं रांगेत.

आता या नावांचंच बघा. अदपाव म्हणजे पावाचा अर्धा, शेराचा आठवा हिस्सा. पुण्यामुंबईकडं यालाच नवटाक म्हणतात. टाक म्हटलं की आपल्याला देव्हाऱ्यातले चांदीचे टाक आठवतात, पण इथला टांक म्हणजे टंक, चार माशांचं (मासा म्हणजे सोनाराचं बारीक वजन) जुनं वजन, त्याच टंकावरून पुढं नाण्याला टका म्हणायला लागले. नऊ टांक म्हणजे नवटांक, त्याचं नवटाक. नऊ टांक जर शेराचा आठवा भाग असेल तर शेर झाला ७२ टांकांचा, बरोबर? आता आमचा छटाक घ्या. छ म्हणजे सहा, सहा टंक, आणि छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग. करा गुणाकार. ९६ टंक. दोन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माणसांच्या तोंडात, आणि दोन्ही शब्दांच्या पोटातला शेर वेगवेगळा. मला तर ही जुनी मापं खरी नसल्याची सगळ्यात मोठी साक्ष वाटते, नावंच एकमेकांविरुद्ध बोलतात.

शेर या शब्दासाठी कोशवाले संस्कृतातल्या सेटक कडं बोट दाखवतात. मूळ हिशोब वजनाचा. दूध तेल तागडीत ओतता येत नाही, म्हणून शेरभर वजन मावेल असं भांडं घडवायचं आणि मग त्या भांड्यालाच शेर म्हणायचं. गोची इथंच आहे, कारण दूध पाण्यापेक्षा जड, तेल हलकं, मग तेलाचा शेर मोठा पाहिजे आणि दुधाचा लहान. एकच भांडं दोन्हीला वापरलं की कोणीतरी बुडालाच. धान्याच्या मापाला निदान शीग असते, म्हणजे काठाच्या वरची रास, पायलीवर शीग लावली की नाही हे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही दिसतं, त्यावरून भांडता येतं. पातळ वस्तूला शीग नाही. दुधावर फेस असतो फक्त.

भास्कराचार्यांनी लीलावतीत, ११५० साली, यातून वाट काढली होती आणि ती मला फार आवडते. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात खोल अशी पेटी घ्या, तिच्यात मावेल ती खारी, तिचा सोळावा हिस्सा द्रोण, मग परत तोच आढक प्रस्थ कुडव. आणि हात कोणाचा असं कोणी विचारू नये म्हणून हात म्हणजे २४ अंगुळं आणि अंगुळ म्हणजे आठ यवांची, जवाच्या दाण्यांची, रुंदी. म्हणजे माप भांड्यावर ठेवलंच नाही, मोजून कोणालाही करून बघता येईल अशा गोष्टीवर ठेवलं. लिटर तरी दुसरं काय आहे, दहा सेंटिमीटरची चौकोनी पेटी. पण व्यवहार पंडिताच्या पेटीनं चालला नाही, सावकाराच्या पितळेनं चालला.

इंग्रजांच्या काळात तर कहर होता. बंगालचा मण ८२ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा, मद्रासचा २५ चा. तिन्हीकडं मणाचे शेर ४०. म्हणजे मुंबईच्या शेराचे जवळपास तीन शेर घातले तेव्हा बंगालचा एक भरायचा. १८३३ मध्ये ८० तोळ्यांचा शेर ठरवला, १८७१ मध्ये तर कायदा असा केला की शेर म्हणजे एक किलोच, पण तो अमलात आलाच नाही, नाहीतर आपल्या आज्यांनी किलोलाच शेर म्हटलं असतं आणि माझी हा लेख लिहायची मेहनत वाचली असती. शेवटी १९५६ चा कायदा आला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत आपण विदर्भवाले मध्य प्रदेशात होतो, छटाक पव्वा अद्धा हे शब्द आपल्याकडं इतके रुळले ते त्यामुळंच असावं. १९५८ पासून किलोची वजनं यायला लागली, १९६२ पर्यंत सक्तीची झाली.

माझं म्हणणं एवढंच की मला शेर परत नको. अजिबात नको. लिटर आणि किलो या दोन गोष्टींनी खेड्यातल्या गरिबाचं जेवढं भलं केलं तेवढं बऱ्याच योजनांनी केलं नसेल. आमच्या गावातला शेर आणि पलीकडच्या गावातला शेर वेगळा असणं यात कसली संस्कृती आली, त्यात फक्त ज्याचं भांडं त्याचा फायदा. शब्द शाळेत जरूर शिकवा, पोरांना 'शेरास सव्वाशेर' मध्ये वाघ दिसू नये म्हणून तरी. पण लिटर आणून आपण अर्ध्यातच थांबलो. मापाचं नाव बदललं, भांडं त्याच हातात राहिलं.

(दारूवाल्यांनी बाकी जुने शब्द मरू दिले नाहीत. तिकडं मुंबईत नवटाक मारणे म्हणजे काय ते सांगायला नको, आणि आमचा जिल्हा दारूबंदीचा, कागदावर एकदम कोरडा, तरी पव्वा किती मिलीचा हे दहावीतल्या पोराला विचारा, १८० म्हणून सांगतो, पावशेर किती ते मात्र येत नाही.)

आता माझंच सांगतो. आमच्याकडं म्हैस आहे, सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन मी किंवा भाऊ संकलन केंद्रावर जातो. तिथं काटा आहे, डिजिटल, लाल आकडे. आकडा दिसतो लिटरमध्ये आणि दशांशानंतर एकच घर. घरून मी मोजून नेलं होतं, शिक्क्याच्या लिटरनं, चार लिटर आणि वर १८०. काट्यावर आलं ४.१. मी म्हणलं भाऊ वरचे ८० कुठं गेले. पोरगा म्हणे, "दादा, मशीन हाय, मशीन कायले खोटं बोलन?"

खोटं बोलत नाही, बरोबर आहे, ते फक्त पूर्ण सांगत नाही. शंभर मिलीच्या खालचं सगळं गायब. कधी १० जातील कधी ९०, सरासरी ५० धरा. दोन वेळचं शंभर मिली, महिन्याचे तीन लिटर. एका माणसाचे. त्या केंद्रावर साठ जण दूध घालतात, म्हणजे १८० लिटर, पन्नास रुपये भाव धरला तर ९ हजार रुपये महिन्याला, जे कोणत्याच वहीत नाहीत. आणि गंमत बघा, त्या दिवशीचे माझे ८० मिली हे ४१८० चा जवळजवळ पन्नासावा हिस्सा होतात. मानस्राव! अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणा की दोन हजार, तेव्हा निदान काहीतरी मापाला चिकटायचं म्हणून तो हिस्सा घेत होते. लाल आकड्याला काय चिकटतं?

तेलाचं तर विचारूच नका. पिपा दोन प्रकारचा येतो, १५ किलोचा आणि १५ लिटरचा, डबा दिसायला तसाच, आणि लग्नघरी आचारी पिपे सांगतो, किलो लिटर सांगत नाही. तेलाचा लिटर ९१० ग्रॅमचा, म्हणजे १५ लिटरच्या पिप्यात तेल १३ किलो ६५०. सव्वा किलोहून जास्तीचा फरक, पिप्यामागं. आणि लिटर पण किती लवचिक आहे बघा, तेल तापलं की फुगतं, तर काही कंपन्या पाकिटावर 'इतक्या तापमानाला एक लिटर' असं छापायच्या, तापमान लिहायच्या पार ६० अंशांपर्यंत. आमच्या इकडं मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो हे मान्य, पण ६०? शेवटी २०२२ मध्ये केंद्र सरकारला सांगावं लागलं की तापमान लिहू नका, लिटरसोबत वजन छापा. आणि लोक म्हणतात आत्याच्या सासऱ्यानं बूड फुगवलं. त्यानं पितळ फुगवलं, यांनी तेल.

म्हणून माझी मागणी काही क्रांतीची नाही. पेट्रोल पंपावर जा, तिथं पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवावंच लागतं, शंका आली तर कोणीही गिऱ्हाईक म्हणू शकतो की त्यात टाकून दाखवा, आणि पाच लिटरला २५ मिलीच्या वर फरक चालत नाही. मोटारसायकलवाल्याला हा हक्क आहे. म्हैसवाल्याला का नाही? प्रत्येक दूध संकलन केंद्रावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत शिक्क्याचं एक लिटर, अर्धा लिटर, शंभर मिलीचं माप साखळीला बांधून ठेवा, काटा दहा मिलीपर्यंत दाखवणारा पाहिजे आणि त्याचं तोंड दूध घालणाऱ्याकडं पाहिजे. झालं. मापांना शिक्का मारून घ्यायला आज दोन वर्षांची मुदत आहे, इलेक्ट्रॉनिक काट्याला एक वर्षाची, कौटिल्य चार महिने म्हणत होता, मी तेवढं पण मागत नाही.

यावर दोन गोष्टी मला ऐकवल्या जातात. एक, भाव फॅटवर असतो, मापाचं काय घेऊन बसलात. अहो, फॅट गुणिले लिटर असाच हिशोब असतो ना, गुणाकारात एक आकडा कापला तर उत्तर कापलं जाणारच. दुसरी गोष्ट, कायदा आहेच की, मापं तपासणारे वैधमापनवाले बघतात. बघतात, पण कोणाकडं? कायद्यानं लिटर किलो सोडून दुसऱ्या मापात भाव सांगायलाच बंदी आहे, हे खरं, आणि आमच्या आठवडी बाजारात मोहफुलं, बोरं घेऊन बसलेली बाई अजून पायलीनं देते, म्हणजे कायद्यानं गुन्हेगार तीच. तिची पायली जप्त करायला दोन मिनिटं लागतात. पण तिची पायली माझ्यासमोर भरते, शीग माझ्यासमोर लागते, कमी वाटलं तर मी म्हणतो "माय, अजून एक मूठ टाक" आणि ती टाकते. या सगळ्या गोष्टीत तीच एक जागा आहे जिथं माप दोघांना दिसतं, आणि आपण नेमकं तिथं शिक्का शोधत फिरतो. तिला पायली सोडायला लावा, हरकत नाही, पण आधी लाल आकड्यांकडं जा ना.

ग्रामसभेत मी हे मांडलं. सरपंचताई म्हणाल्या लिहून द्या. लिहून दिलं, सोबत आत्याच्या सासरचं ते पाव पण नेलं होतं, सगळ्यांनी हातात घेऊन आत बोटं घालून बघितलं, खूप हसले, एका काकाजींनी तर विचारलं की विकतो का. केंद्रवाला पोरगा पण आला होता, तसा तो वाईट नाही, त्याला वरून जो काटा मिळाला तो त्यानं मांडला. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यानं काटा फिरवून ठेवला होता, आकडे आमच्याकडं तोंड करून. मी चार लिटर एकशे साठ ओतलं.

४.१.